‘पोचलो’चा अर्थ

धुलाईच्या त्या कारखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणत. मालक म्हणायचा, चादरींचे गठ्ठे बांधणाऱ्या बायका म्हणायच्या, पाण्याचे कॅन आणून टाकणारा म्हातारासुद्धा म्हणायचा. खरा दीर त्यांच्यात एकच. तो तिथे गाडी चालवायचा. नोकरीला लागला त्या पहिल्याच दिवशी तो सवयीने भर कारखान्यात ‘वहिनी, किल्ली कुठंय?’ असं ओरडला आणि तेव्हापासून तिचं स्वतःचं नाव जे गेलं ते हजेरीपटापुरतं उरलं. तिने एक-दोनदा नाक मुरडून पाहिलं, पण कोणाकोणाचं तोंड धरणार? पुढे तिला ते आवडायलाही लागलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. ज्याच्यामुळे ती वहिनी झाली त्या घरातच अजून राहत होती, दीर आणि जाऊ तिला धरून होते, आणि हे सगळं त्या एका हाकेत आपोआप सांगून व्हायचं.

कारखाना म्हणजे रुग्णालयांच्या नि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत पोचवायचा धंदा. आत कायम वाफ. वाफेच्या पलीकडे काचेची एक छोटी खोली होती, तीत वहिनीचं टेबल. समोर फळा, फळ्यावर अकरा गाड्या, प्रत्येक गाडीपुढे दिवसाच्या फेऱ्या. गाडी सुटली की एक तिरकी रेघ, पोचली की दुसरी, म्हणजे फुली पूर्ण. अभ्र्यांच्या घड्या घालण्यापासून तिने सुरुवात केली होती, पण कोणत्या हॉटेलच्या टॉवेलला निळी किनार आणि कोणाच्या चादरीला कोपऱ्यात शिक्का, हे तिला न बघता सांगता यायचं. मालकाने ते हेरलं आणि तिला टेबलावर बसवलं. बाई शिस्तीची, जरा जास्तच. घरात चमचेसुद्धा एका दिशेला तोंड करून ठेवणाऱ्या बाईच्या हातात अकरा ड्रायव्हर द्यायचे म्हणजे ड्रायव्हरांच्या नशिबाला काय म्हणावं!

आधी ती फोन करायची. ‘कुठवर आलात?’ हा तिचा दिवसातला सगळ्यात जास्त वापरलेला प्रश्न. ड्रायव्हर फोन उचलायचे, एका हाताने गाडी वळवायचे आणि ‘आलोच, आलोच’ म्हणून ठोकून द्यायचे. मागून भोंगे ऐकू यायचे. एकदा एकाने बोलता बोलता जोरात ब्रेक मारला आणि जो आवाज फोनमधून आला तो ऐकून ती खुर्चीतून उठलीच. काही झालं नव्हतं, नुसते गठ्ठे पुढे आले होते. पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गाडी चालवताना फोन घेऊ नये’, आणि तो कागद गाड्या सुटतात त्या दारावर चिकटवला. आजपासून मी फोन करणार नाही, तुम्ही घ्यायचा नाही. पोचलात की एक शब्द टाकायचा, ‘पोचलो’. बास.

हे तिने चांगल्यासाठी केलं होतं. तिच्याबद्दल पुढे जे काही बोललं गेलं ते बोलणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवायला हवं होतं.

अडचण मोठ्या रुग्णालयात आली. तिथलं मागचं दार कायम बंद. गाडी पोचली, ड्रायव्हरने ‘पोचलो’ टाकलं, वहिनीने रुग्णालयाच्या कोठीघरात फोन लावला, तिथल्या माणसाने पहारेकऱ्याला सांगितलं, पहारेकरी किल्ली शोधत खाली आला, की दार उघडणार. यात दहा मिनिटं हमखास जात. तोवर गाडी रस्त्यात आडवी, मागच्यांच्या शिव्या, आणि पुढच्या फेरीला उशीर. वहिनीने दोन दिवस फळ्याकडे बघत विचार केला आणि तोडगा काढला. रुग्णालयाच्या अलीकडे उतारावर पेट्रोल पंप लागतो. पंप दिसला की ‘पोचलो’ टाकायचं. तुम्ही दारात याल तोवर दार उघडं.

आणि खरंच तसं झालं. गाडी न थांबता सरळ आत जाऊ लागली. मालकाने सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. मग बाकीच्या ड्रायव्हरांनीही आपापले पंप शोधले. कोणाचा पूल, कोणाची शाळा, कोणाची पिवळी इमारत. ते दिसलं की ‘पोचलो’. बघता बघता त्या कारखान्यात या शब्दाचा अर्थच बदलला. कोणी जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन उशिरा आला की बायका म्हणायच्या, ‘काय, पोचलास की पंपावर आहेस?’ आणि सगळे हसायचे. वहिनीही हसायची.

पंपावर गाडी थांबवून मग निरोप टाका, असं तिने सांगितलं होतं का? नाही. चालत्या गाडीतून टाका असंही सांगितलं नव्हतं. पण त्या उतारावर थांबायला जागा नाही हे तिला ठाऊक होतं, कारण रुग्णालयाची वाट तिने नवऱ्याच्या आजारपणात वर्षभर तुडवली होती. एका शब्दाने काय होतंय, असं तिला वाटलं. फोनलाही आता सवय झाली होती, ‘पो’ लिहिलं की पुढचा शब्द तो स्वतःच दाखवायचा.

त्या दिवशी दहा चाळीसला भाऊजींचा, म्हणजे तिच्या दिराचा, ‘पोचलो’ आला. तिने कोठीघरात फोन केला, फळ्यावर फुली पूर्ण केली आणि चहा प्यायली. पहारेकऱ्याने दार उघडलं. दार बराच वेळ उघडं राहिलं, गाडी काही आली नाही. शेवटी कोठीघरातल्या माणसाने वैतागून फोन केला, ‘अहो वहिनी, तुमची गाडी कुठंय? आमचा माणूस उन्हात उभाय.’

‘पोचलीय की,’ ती फळ्याकडे बघत म्हणाली.

‘इथं कोणी नाही.’

‘असं कसं? माझ्याकडे पोचलीय.’

मग त्या माणसाच्या मागे कोणीतरी काहीतरी ओरडलं, आणि तो म्हणाला, थांबा हं, खाली रस्त्यावर काहीतरी झालंय.

बावीस वर्षांची मुलगी. रुग्णालयात नोकरीसाठी मुलाखत द्यायला आली होती, देऊन निघाली होती, समोरच्या बसथांब्याकडे जात होती. गाडीने तिला उडवलं ते पंप आणि दार यांच्या बरोबर मधे. रुग्णालय हाकेच्या अंतरावर असूनही उपयोग झाला नाही. भाऊजींना खरचटलंसुद्धा नव्हतं. ते रस्त्याच्या कडेला बसून होते आणि पोलीस आले तेव्हा त्यांनी आधी गाडीची किल्ली पुढे केली.

वहिनीला हे सगळं तुकड्यातुकड्यांत कळलं. रडू आलं नाही. तिने फळ्यावरची ती फुली पुसली नाही, पुसावी की नाही हेच तिला ठरवता येईना. बाकीच्या दहा गाड्यांचे ‘पोचलो’ येत होते आणि ती रेघा मारत होती. संध्याकाळी कोणीतरी तिच्या हातातून खडू काढून घेतला.

जामीन झाला आणि भाऊजी घरी आले. त्यानंतरचे सात महिने त्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. भाऊजी सकाळी उठून अंघोळ करायचे, कपडे घालायचे आणि पलंगाच्या काठावर बसायचे. ताटात पडेल ते खायचे. मीठ कमी झालं तरी मागायचे नाहीत. वहिनी कामावर जात होती, कारण न जाऊन करायचं काय? अंगावर ओझं होतं असंही नाही, अंगच तिला आपलं वाटत नव्हतं. हातातलं भांडं गरम आहे हे तिला ते खाली ठेवल्यावर कळायचं. लोक विचारायचे, ‘वहिनी, झोप लागते का?’ झोप चांगली लागायची. त्याचीच तिला लाज वाटायची.

एकदाच, भाजी निवडताना, भाऊजी तिच्या समोर येऊन बसले. म्हणाले, ‘वहिनी, ती मला दिसलीच नाही हो.’

‘हं,’ ती म्हणाली. शेंगांच्या शिरा काढत राहिली. का दिसली नाही हे तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनाही ठाऊक होतं की दुसऱ्याला ठाऊक आहे.

मालकाने वकील दिला होता. चलाख, गोड बोलणारा, समोरच्याच्या चहात साखर किती हेही लक्षात ठेवणारा. त्याने कागद वाचले आणि त्याची कळी खुलली. भाऊजींच्या फोनवरून त्या सुमाराला गेलेला एकच निरोप, आणि तो काय, तर ‘पोचलो’. म्हणजे माणूस पोचला होता. पोचलेला माणूस गाडी चालवत नसतो. मग वकिलाने बाकीची गोष्ट शिवून काढली. गाडी दारापाशी पोचली, थांबली, निरोप टाकला. दारासमोर रुग्णवाहिका लागली होती म्हणून ड्रायव्हरने पुढून एक वळसा घेतला, आणि त्या वळशात मुलगी मधे आली. मुलीचा फोन रस्त्यावर पडलेला सापडला होता, पार चुरा होऊन. औषधांच्या दुकानदाराने तो पाहिला होता. म्हणजे फोनमध्ये बघत रस्ता ओलांडत होती ती मुलगी होती, ड्रायव्हर नव्हे. भाऊजींनी यातलं काही स्वतः म्हटलं नाही. वकील विचारायचा, ‘असंच ना?’ आणि ते मान हलवायचे.

‘वहिनी, तुम्हाला सरकारी वकील साक्षीला बोलावतील,’ वकील म्हणाला. ‘घाबरायचं काही कारण नाही. निरोप काय आला, एवढंच विचारतील. तुम्ही म्हणायचं, पोचलो. खोटं बोलायचं नाही, काही रचून सांगायचं नाही. आलेला शब्द सांगायचा आणि खाली उतरायचं.’

कोर्टात जायच्या दिवशी सकाळी जाऊने तिच्या साडीच्या निऱ्या धरल्या. जाऊ तिला ताई म्हणायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. निऱ्या धरून खाली बसलेली असतानाच, वर न बघता ती म्हणाली, ‘ताई, एकच शब्द आहे.’

‘हो गं.’

‘मी तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही.’

‘माहितेय.’

‘त्यांना आत टाकलं तर मी काय करू, ते तरी सांगून जा.’

जाऊ म्हणत होती ते खरंच होतं, तिने कधी काही मागितलं नव्हतं. नवरा आजारी असताना ह्याच बाईने रात्रपाळीसारखी पाळी लावून त्याची सेवा केली होती. वहिनीने पदर नीट केला आणि चप्पल शोधू लागली. चप्पल पायातच होती.

कोर्टाची खोली लहान होती, पंखा मोठा. पुढच्या बाकाच्या टोकाला मुलीचा बाप बसला होता. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, हे तिने आधी ऐकलं होतं. सदऱ्याच्या खिशात बारीक स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिलेला, बहुतेक दुकानातूनच उठून आला असावा. तिला तो रडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. तो नुसता ऐकत होता, अगदी लक्ष देऊन.

त्याची साक्ष तिच्या आधी झाली. ‘आमची मुलगी रस्त्यात फोन बाहेर काढायची नाही,’ तो म्हणाला. ‘फोन पिशवीत असायचा. मी सारखा फोन केला तरी ती घरी आल्यावर सांगायची, बाबा, मी रस्त्यात होते.’

‘प्रत्येक बाप असंच म्हणतो,’ भाऊजींचा वकील हळुवारपणे म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत असल्यासारखा. ‘पण त्या दिवशी तुम्ही तिथे नव्हतात.’

‘नव्हतो,’ बाप म्हणाला आणि जाऊन बसला.

मग वहिनी उभी राहिली. सरकारी वकिलाने विचारलं, तिने सांगितलं. टेबल, फळा, दहा चाळीस.

‘निरोप काय होता?’

‘पोचलो.’

झालं. एवढंच काम होतं. भाऊजींचा वकील उठला, तिच्याकडे बघून किंचित हसला आणि म्हणाला, ‘मला फक्त एवढंच विचारायचंय. म्हणजे दहा चाळीसला गाडी पोचलेली होती.’

वहिनीने बापाकडे पाहिलं. ते तिने मुद्दाम केलं नाही, तो समोरच होता. त्याने मान खाली घातली होती आणि ती हळूहळू हलवत होता, हिशोब जुळल्यावर माणूस हलवतो तशी. गाडी पोचली होती. म्हणजे ड्रायव्हरच्या हातात फोन नव्हता. म्हणजे आपलीच पोरगी. त्याने ते मान्य करून टाकलं होतं. तिच्या एका शब्दावर त्याने विश्वास ठेवला होता, कारण शब्द साधा होता आणि सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत होता.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी झालं. फार मोठं काही नाही, बधिर पायात मुंग्या याव्यात एवढंच. पण ते झालं.

‘नाही,’ ती म्हणाली.

वकिलाला वाटलं तिने प्रश्न नीट ऐकला नाही. त्याने पुन्हा विचारला.

‘आमच्याकडे पोचलो म्हणजे पोचलो नसतं, साहेब. पोचलो म्हणजे पंप आला. उतारावरचा. दार उघडून ठेवायला सांगा, असा त्याचा अर्थ.’

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. ‘म्हणजे गाडी चालू असताना निरोप टाकतात?’

‘तिथे थांबायला जागाच नाही.’

‘हे एकटेच असं करायचे?’

‘सगळे करतात. अकराच्या अकरा.’

‘ही पद्धत पाडली कोणी?’

‘मी,’ वहिनी म्हणाली. आणि मग, कोणी विचारलं नसताना, ‘आधी मी फोन करायचे. फोनवर बोलणं वाईट म्हणून बंद केलं. मला वाटलं, हा एकच तर शब्द आहे.’

ती खाली उतरली. जाऊच्या शेजारची जागा मोकळी होती, पण जाऊने त्यावर पिशवी ठेवली. वहिनी मागे जाऊन उभी राहिली. आपण बरोबर केलं असं तिला वाटलं नाही, चुकलं असंही वाटलं नाही. पाय दुखत होते, एवढं मात्र कळत होतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेरच्या लांब व्हरांड्यात आले. वकील फोनवर मालकाशी चढ्या आवाजात बोलत जिना उतरून गेला. जाऊ नळाशी तोंड धूत होती, आणि बराच वेळ धूत राहिली. भाऊजी वहिनीजवळ येऊन उभे राहिले. त्यांचे खांदे सात महिन्यांनी खाली आले होते, किंवा तिला तसं वाटलं.

तेवढ्यात मुलीचा बाप त्यांच्या दिशेने आला. वहिनीने पदर घट्ट धरला. तो तिच्यासमोर थांबला, तिला नमस्कार नाही, आभार नाही. तो भाऊजींकडे वळला. एवढ्या दिवसांत तो त्यांच्याशी एक शब्दही बोलला नव्हता.

‘एक विचारू का?’ तो म्हणाला. ‘तिथं तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. बाकीचे सगळे नंतर आले. तुम्ही खरं काय ते सांगा, मी कोर्टात काही म्हणणार नाही. मला घरी जाऊन तिच्या आईला सांगायचंय.’

भाऊजींनी मान हलवली.

‘तिच्या हातात फोन होता का?’

वहिनीला वाटलं, आता तरी ह्यांनी नाही म्हणावं. नाही म्हणून टाकावं, त्या बाईला घरी तेवढं तरी मिळेल. भाऊजींनी तोंड उघडलं, मिटलं.

‘मला नाही माहीत,’ ते म्हणाले. ‘मी बघतच नव्हतो.’

बाप थोडा वेळ तसाच उभा राहिला, पुढे अजून काही येईल म्हणून. मग त्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर चाचपला, ‘बरं’ म्हणाला आणि जिन्याकडे गेला. सुट्टी संपायला अजून वीस मिनिटं होती. वहिनी आणि भाऊजी व्हरांड्यातल्या बाकावर एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून बसून राहिले.